हातोडीच्या ठोक्यावरून कुठली नस ते कळतं का? वाचकांचे प्रश्न

कंबरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्याबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. त्यांतल्या बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर होता: डॉक्टर रबरी हातोडीने गुडघ्याखाली आणि टाचेवर ठोकतात, त्यातून त्यांना काय समजतं? सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : वडील एपीएमसी मार्केटात माथाडी कामगार आहेत, वय ४८. दीड महिन्यापासून कंबर कमी आणि डावा पाय जास्त दुखतो. मांडीच्या मागून पोटरीत कळ जाते, करंगळीच्या बाजूला मुंग्या येतात. डॉक्टरांनी टाचेच्या वर हातोडी मारली आणि म्हणाले, ‘डावा अँकल जर्क गेलाय, एस-१ची नस आहे.’ एमआरआयमध्ये मात्र तीन ठिकाणी गादी फुगल्याचं लिहिलंय. तिघांपैकी नेमकी कुठली, हे हातोडीवरून कसं ठरवलं? – तुर्भे

टाचेच्या वरची जाड कंडरा ठोकली की पोटरीचा स्नायू क्षणभर ताणला जातो. ही खबर एस-१ या मुळातून (मूळ म्हणजे मज्जारज्जूपाशी नसेची सुरुवात; ‘एल’ म्हणजे कंबरेची मुळं, ‘एस’ त्याखालच्या त्रिकास्थीची) मज्जारज्जूत जाते, तिथून आखडण्याचा हुकूम बहुतांशी त्याच मुळातून परत येतो आणि पाऊल खाली झटकतं. हा सगळा प्रवास सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागात उरकतो. मेंदूची परवानगी लागत नाही. त्यामुळे रुग्णाने ठरवून हा झटका आणता येत नाही. फार तर पाय ताठ धरून तो दडपता येतो. जाणारी आणि येणारी, दोन्ही वाटा एस-१मधून असल्यामुळे ते मूळ दबलं की झटका मंदावतो किंवा जातो. गुडघ्याच्या वाटीखालच्या ठोक्याचा असाच संबंध एल-२ ते एल-४ या मुळांशी, त्यातही मुख्यतः एल-४शी आहे.

आता गादी, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. कंबरेच्या मणक्यात गादी मागे-बाजूला सरकली की सहसा तिच्याजवळून खाली उतरणारं मूळ दाबलं जातं. म्हणून एल-५ आणि एस-१ यांच्यामधली शेवटची गादी एस-१ला त्रास देते, तिच्या वरची एल-५ला आणि त्याच्याही वरची एल-४ला. गादी अगदी कडेला, मूळ बाहेर पडतं तिथे सरकली, तर हिशेब एका मजल्याने बदलतो. तेव्हा एल-४ आणि एल-५ यांच्यामधली गादीसुद्धा एल-४ दाबू शकते.

तुमच्या डॉक्टरांनी नुसत्या ठोक्यावरून निर्णय घेतला असेल असं वाटत नाही. मांडीमागून पोटरीत जाणारी कळ, करंगळीकडच्या मुंग्या आणि गेलेला अँकल जर्क हे तिन्ही एस-१कडेच बोट दाखवतात. डाव्या पायावर उभं राहून टाच उचलताना ताकद कमी पडत असेल, तर चौथा पुरावाही मिळाला. हे हाताशी ठेवून एमआरआयचा कागद पाहा. शेवटच्या गादीसमोर ‘डावं ट्रॅव्हर्सिंग नर्व्ह रूट’, म्हणजे खाली उतरणारं मूळ, दबल्याची नोंद आहे का? असेल तर बाकीच्या दोन फुगवट्यांची धास्ती घेऊ नका. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते, त्यांतल्या ५२ टक्के लोकांच्या किमान एका गादीत फुगवटा सापडला होता. त्यांचं काहीच दुखत नव्हतं.

एक गोष्ट वडिलांना जरूर विचारा: पूर्वी कधी असाच पाय धरला होता का? सायटिकात, म्हणजे कंबरेतून पायात उतरणाऱ्या अशा दुखण्यात, गेलेला अँकल जर्क दुखणं बरं झाल्यावरही कित्येकदा परत येत नाही. आज न मिळालेला झटका दहा वर्षांपूर्वीच्या दुखण्याचाही असू शकतो, आणि नुसत्या हातोडीने जुनं-नवं वेगळं करता येत नाही. तोवर गोणी उचलणं पूर्ण बंद. अंथरुणाला खिळून राहायची मात्र गरज नाही.

प्रश्न : माझं वय ३४, आयटीत आहे. उजव्या नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या भागापर्यंत दुखतं, अंगठा वर उचलताना जोर लागत नाही. तपासणीत ‘सगळे रिफ्लेक्स नॉर्मल’ असं लिहिलंय. म्हणजे नस सुरक्षित आहे ना? – ऐरोली

नाही, असं म्हणता येणार नाही. तुम्ही सांगता ती लक्षणं एल-५ची आहेत आणि नेहमीच्या तपासणीत एल-५साठी भरवशाचा रिफ्लेक्सच नाही. गुडघ्याचा एल-४ दाखवतो, घोट्याचा एस-१. मधलं एल-५ पूर्ण दबलेलं असतानाही दोन्ही ठोके छान मिळतात. आणि गादी सरकण्याच्या दहापैकी नऊहून अधिक घटना शेवटच्या दोन गाद्यांत घडतात. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा सापडणाऱ्या दोन मुळांपैकी एकाबद्दल हातोडी जवळजवळ मुकीच असते. कागदावर ‘रिफ्लेक्स नॉर्मल’ वाचून निश्चिंत होणारे फक्त रुग्णच असतात असंही नाही.

एल-५साठी ताकद तपासावी लागते. अंगठा वर ओढून धरायचा आणि तपासणाऱ्याने तो एका बोटाने खाली दाबायचा. टाचांवर दहा पावलं चालून पाहायचं. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलायचा आणि तपासणाऱ्याने तो खाली ढकलायचा. यातली शेवटची चाचणी फार महत्त्वाची आहे. पाऊल लुळं पडण्याचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, नळीच्या हाडाच्या डोक्याजवळ दबलेली पेरोनियल नस. मांडी घालून किंवा उकिडवं तासन्‌तास बसल्याने, पायावर पाय टाकून बसायच्या सवयीने किंवा घट्ट प्लास्टरमुळे ती दबते. अँकल जर्क दोन्हींत शाबूत असतो, त्यामुळे हातोडी इथे निवाडा करत नाही. पेरोनियल नस दबली असेल तर कुशीवर पाय उचलण्याची आणि पाऊल आतल्या बाजूला वळवण्याची ताकद टिकते. एल-५ दबलं असेल तर या दोन्ही ताकदी कमी होतात.

अंगठ्याचा जोर खरोखर कमी झाला असेल, तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ नको. आठवड्याभरात मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा. पाऊलच लोंबायला लागलं तर त्याच दिवशी.

प्रश्न : फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुडघ्याचा जर्क येतो, पण अँकल जर्क निम्म्या पेशंटमध्ये मिळतच नाही. मॅडम आल्या की त्याच पेशंटचा मिळतो. माझं काय चुकतं? – नेरूळ

बहुधा तीन गोष्टी: पायाची ठेवण, हातोडी आणि घाई.

ठेवणीपासून सुरू करा. पेशंट पाठीवर, तपासायचा पाय मांडीतून बाहेरच्या बाजूला वळवलेला, गुडघा थोडा वाकवलेला. चवडा एका हाताने धरून घोटा काटकोनात आणा, तेवढाच. विद्यार्थी इथे दोन टोकं गाठतात. चवडा सैल सोडला की कंडरेला ताण नसतो आणि ठोका वाया जातो. जोरात वर ढकलला की ताणलेली पोटरी झटकतच नाही, किंवा पेशंट आपणहून पाय खाली रेटतो आणि तोच रिफ्लेक्स समजून लिहिला जातो. हातात चवडा हलका, निवांत वाटला पाहिजे. तो तुमच्या तळव्याला रेटत असेल तर पेशंट अजून सैल झालेला नाही.

ठोका टाचेच्या हाडावर नको, त्याच्या दोन-तीन बोटं वर, कंडरा सगळ्यात बारीक लागते तिथे द्या. आधी बोटाने चाचपून जागा पक्की करा. आपल्याकडे दुकानात सहज मिळते ती तिकोनी रबराची टेलर हातोडी हलकी आहे. गुडघ्याला ती पुरते, घोट्याला अपुरी पडते. लांब दांड्याची, जड गोल डोक्याची घ्या. दांडा टोकाशी सैल धरा, मनगट मोकळं ठेवा आणि डोकं स्वतःच्या वजनाने पडू द्या. हातोडी घट्ट धरून टोचल्यासारखं मारलं की ठोका लांबतो आणि ताण हळूहळू बसतो. या रिफ्लेक्सला ताण झटक्यात लागतो.

तरीही मिळाला नाही, तर ‘नाही’ लिहिण्याआधी दोन गोष्टी करा. पहिली, पेशंटला खुर्चीवर गुडघे टेकवून, पावलं कडेबाहेर लोंबकळत ठेवायला सांगा आणि मागून ठोका. पोटरी आपोआप सैल पडते, दोन्ही बाजू शेजारी शेजारी दिसतात. गुडघेदुखी असलेल्या वयस्कांना हे जमणार नाही. त्यांच्या तळपायाच्या चवड्यावर आपला हात सपाट ठेवून हातावरच ठोकावं, तेही चालतं. दुसरी, हंगेरीच्या येंद्रासिक यांची एकोणिसाव्या शतकातली युक्ती: दोन्ही हातांची बोटं एकमेकांत आकड्यासारखी अडकवून जोरात बाहेर ओढायला सांगणं. इथली सर्रास चूक वेळेची असते. पेशंट आधीपासून ओढत बसतो आणि आपण मागाहून जागा शोधतो. परिणाम सुरुवातीच्या क्षणांतच जास्त असतो. म्हणून हातोडी उचलून तयार राहा, ‘ओढा’ म्हणा आणि त्याच क्षणी मारा. दोन्ही पायांना हीच युक्ती लावा. एकाच बाजूला लावली तर तुलना खोटी होते.

गुडघ्यासाठी पाय पलंगाच्या कडेवरून अधांतरी लोंबकळायला हवेत. चवडे जमिनीला टेकलेले नकोत. वाटी आणि नडगीचा उंचवटा यांच्यामधल्या कंडरेवर ठोका आणि डोळे नडगीवर नव्हे, मांडीवर ठेवा. पाय हलला नाही तरी मांडीचा स्नायू आखडलेला दिसतो किंवा दुसऱ्या हाताला कळतो, आणि तोही रिफ्लेक्सच आहे. गुडघा बदललेल्या पेशंटमध्ये मात्र नी जर्क न मिळण्याला मणका जबाबदार धरू नका.

नोंदीत ० म्हणजे युक्ती करूनही नाही, १ म्हणजे मंद किंवा फक्त युक्तीने मिळणारा, २ नेहमीचा, ३ जोरकस, ४ म्हणजे सोबत चवड्याची लयीत थरथर. शेजारी ‘युक्तीसह’ लिहायला विसरू नका, नाहीतर पुढच्या तपासणाऱ्याला सुधारणा झाली की पद्धत बदलली हे कळणार नाही. खरी किंमत आकड्याला नाही, डाव्या-उजव्यातल्या फरकाला आहे. दोन्हीकडे १ असलेला ठणठणीत माणूस असतो. उजवीकडे २ आणि डावीकडे १ असेल तर थांबून विचार करायचा. उजवा, डावा, पुन्हा उजवा असं आलटून पालटून ठोका. फरक तिन्ही वेळा टिकला तरच लिहा. पेशंटचं डोकं सरळ असू द्या, पायाला सूज आहे का, पूर्वी कंडरा तुटली होती का तेही पाहा.

एल-५साठी आतल्या हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागच्या स्नायूचा) रिफ्लेक्स शिकून घ्या. गुडघा थोडा वाकवलेला, त्यामागच्या आतल्या कंडरेवर आपलं बोट दाबून ठेवायचं आणि बोटावर ठोकायचं. झटका डोळ्याला कमी, बोटाला जास्त जाणवतो. दोन्ही बाजूंना स्पष्ट मिळत असेल तेव्हाच एका बाजूच्या अभावाला अर्थ आहे. पुष्कळ निरोगी लोकांत तो कुठेच मिळत नाही.

प्रश्न : वय ७१, अठरा वर्षं मधुमेह. कंबर अधूनमधून धरते. परवा तपासताना दोन्ही घोट्यांचा रिफ्लेक्स नाही म्हणाले. दोन्ही नसा दबल्या का? – नौपाडा, ठाणे

शक्यता कमी. वाढत्या वयात अँकल जर्क दोन्हीकडे मंदावणं किंवा जाणं निरोगी लोकांतही दिसतं, आणि इतक्या वर्षांच्या मधुमेहात तर ते अपेक्षितच आहे. सरकलेली गादी सहसा एकाच बाजूला काम करते. तळपायांना मोजे घातल्यासारखा बधिरपणा दोन्हीकडे सारखा आहे का, ते सांगा आणि बी-१२ तपासून घ्या. मधुमेहात तेही कमी पडतं, विशेषतः मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालू असेल तर. पुढेमागे एका बाजूच्या मांडीत पुढून तीव्र कळ आली, मांडी झपाट्याने रोडावली आणि त्याच बाजूचा गुडघ्याचा रिफ्लेक्स गेला, तर गादीबरोबर मधुमेहाने मांडीच्या नसांना होणारा विकारही डॉक्टरांच्या यादीत असायला हवा. ही गफलत होते.

प्रश्न : सासऱ्यांच्या कंबरेच्या एमआरआयमध्ये नसांची जागा अरुंद झाली आहे. पण डॉक्टर म्हणतात रिफ्लेक्स ‘जास्त’ आहेत, म्हणून मानेचाही एमआरआय काढा. कंबर दुखते आणि मानेचा एमआरआय? खर्च वाढवायचा प्रकार वाटतो. – कळवा

संशय येणं समजू शकतो, पण इथे डॉक्टरांचं बरोबर आहे. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली फक्त नसांची मुळं उतरतात. त्यामुळे कंबरेत खाली काही दबलं तर रिफ्लेक्स कमी होतील, वाढणार नाहीत. ते जोरकस झाले असतील तर वरून येणारा लगाम सैल झालाय आणि दोष मज्जारज्जूत, म्हणजे मानेत, पाठीच्या वरच्या भागात किंवा त्याहून वर आहे. तळपायावर किल्ली ओढल्यावर अंगठा खाली न वळता वर जात असेल, तर हा संशय आणखी पक्का होतो. हे चिन्ह बाबिन्स्की यांनी १८९६मध्ये मांडलं आणि आजही त्याला पर्याय नाही.

सासऱ्यांना शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो का, अक्षर बिघडलंय का, चालताना पाय ताठ पडतात का, ते पाहा. मान आणि कंबर दोन्ही एकदम अरुंद असणं म्हातारपणी आढळतं. मानेतला दाब तसाच ठेवून कंबरेचं ऑपरेशन केलं, तर चालणं सुधारत नाही आणि भूल देताना मान मागे वाकवण्यात धोका असतो. म्हणून हा खर्च ऑपरेशनच्या आधी केलेला बरा.

प्रश्न : पाय दुखायला लागून दहा दिवस झाले. ईएमजी-एनसीव्ही लिहून दिलीय, त्यात ‘एच रिफ्लेक्स’ही आहे. सेंटरवाले म्हणतात दोन आठवडे थांबा. थांबू? सुई टोचतात म्हणे. – घोडबंदर रोड

ताकद कमी होत नसेल तर थांबा, सेंटरवाले बरोबर सांगतात. एनसीव्हीत नसेतून वीज किती वेगाने जाते ते मोजतात, ईएमजीत सुईने स्नायू तपासतात. मुळाला इजा झाल्यावर स्नायूत जी विजेची खूण उमटते ती पाठीच्या स्नायूंत आठवडा-दहा दिवसांनी आणि पायाच्या स्नायूंत दोन ते तीन आठवड्यांनी दिसते. आधी गेलात तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ येईल आणि तोच कागद पुढे विनाकारण दाखवला जाईल.

एच रिफ्लेक्स म्हणजे अँकल जर्कचंच विजेवरचं रूप. पाउल होफमान यांच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कामावरून नाव पडलं. हातोडीऐवजी गुडघ्यामागच्या खळगीत हलका झटका देतात आणि पोटरीत उत्तर किती वेळात येतं ते मोजतात. प्रौढांत ते साधारण ३० मिलिसेकंद असतं, उंच माणसात जास्त. दोन पायांत दीड मिलिसेकंदाहून अधिक फरक असेल, किंवा एकीकडे उत्तरच नसेल, तर एस-१चा संशय. करंट वाढवत गेलं की हे उत्तर लहान होत नाहीसं होतं. करंट भसकन वाढवणाऱ्या तंत्रज्ञाला चांगल्या पायातही ते सापडत नाही. फक्त एकच आकडा असेल आणि दुसऱ्या पायाचा नसेल, तर दोन्ही पायांचं मोजमाप मागून घ्या. एल-५बद्दल एच रिफ्लेक्सही काही सांगत नाही.

सुईची ईएमजी टाळू नका, मूळ कुठलं ते बहुधा तिथेच ठरतं. सुई बारीक असते, तिच्यातून औषध किंवा करंट जात नाही, स्नायूचे आवाज फक्त ऐकतात. एकाच मुळाचे पण वेगवेगळ्या नसांवर चालणारे किमान दोन स्नायू बिघडलेले दिसायला हवेत. रिपोर्टात ‘सेन्सरी नॉर्मल’ वाचून गोंधळू नका: गादी सहसा जाणीव नेणाऱ्या पेशींच्या गाठीच्या अलीकडे, मज्जारज्जूच्या बाजूला दाबते, म्हणून पाय बधिर असूनही पायातल्या तारेचं मोजमाप चांगलं येतं. ते कमी आलं तर दुखणं मणक्याबाहेरचं असू शकतं.

जाताना पायाला तेल किंवा क्रीम लावू नका. रक्त पातळ करणारी गोळी किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगा. एसीत पाय गार पडले असतील तर ऊब आणून मग मोजायला लावा. गार पायात नसेचा वेग खोटाच कमी दिसतो.

प्रश्न : गादीचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. पाय दुखत नाही, चालतो, पण अँकल जर्क अजून नाही. ऑपरेशन फसलं का? – खारघर

नाही. कळ थांबली आणि एका पायावर टाच उचलता येते, तर काम झालं. रिफ्लेक्स सगळ्यात शेवटी येतो, पुष्कळांचा येतच नाही. डिस्चार्ज कागदावर ‘अँकल जर्क नाही’ अशी नोंद मात्र जपून ठेवा, म्हणजे पुढे कुणी त्याला नवं दुखणं समजणार नाही.

प्रश्न : घरच्या घरी हातोडी मारून लक्ष ठेवता येईल का? – कोपरी, ठाणे

हातोडी नको, स्वतःचा रिफ्लेक्स स्वतः मारून मिळालेला आकडा कुणाच्याच कामाचा नाही. ताकद मोजा, ती घरी मोजता येते. भिंतीला एक बोट टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच पूर्ण वर-खाली करा. दुखऱ्या पायाने किती वेळा जमतं आणि चांगल्या पायाने किती, तारखेसकट वहीत लिहा. आठवड्यातून दोनदा पुरे. मग टाचांवर दहा पावलं. मग खुर्चीवरून एका पायाने उठता येतं का, हे एल-४साठी. पडू नये म्हणून शेजारी कुणीतरी असू द्या. दुखण्यामुळे कमी झालं की जोरच गेला, तेही लिहा. डॉक्टरांना या फरकाचा उपयोग होतो.

मात्र वहीच्या भरवशावर थांबायचं नाही, असे काही प्रसंग आहेत. लघवी तुंबणं किंवा भरल्याचं कळेनासं होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसतो त्या भागात आणि जांघेत बधिरपणा, दोन्ही पायांत एकदम कळ किंवा कमजोरी. यातलं काहीही नव्याने झालं, तर पहाट उजाडायची वाट पाहू नका. खालच्या नसांचा सगळा जुडगाच दबला असण्याची शक्यता असते आणि दाब काढायला तास महत्त्वाचे असतात. १०८वर फोन करा आणि तातडीचा एमआरआय व मणक्याचं ऑपरेशन दोन्ही जिथे होतात, अशाच रुग्णालयात न्या. फोनवर ‘लघवी होत नाही, बसायची जागा बधिर आहे’ हे शब्द आधी सांगा, कंबरदुखी मागाहून.